पावसाळ्यात एफआरपीच्या मालात बुडबुडे

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आम्ही हाताने काचेच्या धाग्यांची मॅट बसवून एफआरपीची (धाग्यांनी मजबूत केलेल्या प्लास्टिकची) कव्हरं बनवतो. पावसाळा लागला की पांढरे डाग, बुडबुडे येतात आणि काही पीस आठवड्यानंतरही मऊच राहतात. काय तपासावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी मॅट बघा. रोल उघडा पडला की हवेतला ओलावा धरतो, मग रेझिन (नंतर घट्ट होणारा चिकट द्रव) धाग्यांत मुरत नाही आणि पांढरट ठिपके उरतात. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या खोलीत, फळीवर ठेवा.

पीस मऊ राहण्याचं मूळ बहुतेक वेळा हार्डनरच्या (रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाच्या) मापात असतं. झाकणाने अंदाजे ओतणं आजच बंद करा. 1 किलो पॉलिस्टर रेझिनला 10 ते 20 ग्रॅम हार्डनर, तेही काट्यावर मोजून. कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. ही दोन्ही थेट एकमेकांत मिसळली तर स्फोट होऊ शकतो. नवीन कामगाराला पहिल्याच दिवशी हे सांगा.

चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटला चौरस मीटरमागे साधारण 1 ते 1.1 किलो रेझिन पुरतं. प्रत्येक थरानंतर रोलर फिरवा. सगळे थर टाकून मग फिरवला तर तळची हवा निघत नाही, कोपऱ्यात तर नाहीच.

तयार पीसवर नाण्याने टकटक करा. बद्द आवाज येईल तिथे पोकळी. बारकोल यंत्राचा (कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा रेझिनच्या माहितीपत्रकातल्या आकड्याच्या 90 टक्क्यांखाली असेल, तर तो पीस गाडीत चढवू नका.