सातला नाही, साडेसहाला

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. वर्षभर दर रविवारी त्याला पुण्यात रायडिंगला नेते. आम्ही सातला पोहोचतो, घोडा तयारच असतो. हल्ली हा जवळ गेला की बादशहा कान मागे पाडतो. परवा बसण्याआधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना दात दाखवले. 'मी त्याला आवडतच नाही' म्हणून मुलगा रडतो. घोडा बदलून मागू, की स्वतःचाच घेऊन देऊ?

उत्तर : 'घोडा तयारच असतो.' पत्रातलं खरं वाक्य हे, आणि तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात.

वैरण, पाणी, खरारा सगळं मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, हातचं. तुमचा मुलगा आला की पोटाला तंग आणि पाठीवर ओझं, एवढीच बादशहाला त्याची ओळख. कान पाडले तर त्याचं काय चुकलं? रडू दे मुलाला थोडं. आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या बारगिराचा स्वतःचा घोडा असलेला शिलेदार केला म्हणून घोडा त्याला ओळखू लागत नाही.

येत्या रविवारी साडेसहाला पोहोचा. आधी मोतद्दाराचं नाव विचारा, पत्रात फक्त घोड्याचं आहे. तो शेजारी उभा राहील, काम मुलगा करील. घोड्याला शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून बोलत बोलत डाव्या खांद्याकडून जायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही. रबरी खरारा मान, खांदा, बरगड्यांवर गोल फिरवायचा. तोंडावर आणि गुडघ्याखाली नाही, तिथे हाडावर नुसती कातडी असते. मग केसांच्या दिशेने ब्रश. तंगाची जागा हाताने चाचपायची. वाळलेला घाम, माती तिथे राहिली की कातडी सोलवटते. शेवटी आयाळ संपते त्या उंचवट्यावर बोटांनी भरपूर खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, त्याने हृदयाचे ठोकेही मंदावतात. वरचा ओठ लांबवून हलवू लागला की जागा सापडली समजा.

तंग एका दमात आवळायचा नाही. आधी सैल, दहा पावलं चालवून एक भोक, बसण्यापूर्वी आणखी एक.

महिनाभर हे करूनही तंगाला दात दाखवले, तर खोगीर नीट बसतं का ते तपासायला सांगा आणि पशुवैद्याला दाखवायला लावा. पाठ दुखत असेल किंवा पोटात अल्सर असेल.

गाजर न्याल, तर उभं चिरून बादलीत टाका. जाड चकत्या घशात अडकतात, आणि रोज हातून मिळालं की घोडा बोटं हुंगत फिरतो.