अमेरिकेत रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलमधलं विशेष प्रशिक्षण) प्रोग्राम डायरेक्टरला प्रशासनासाठी राखीव वेळ मिळतो, तरी ते थकतात का? आपल्याकडे असा नियम आणावा का?

मी अमेरिकेतल्या एका इंटर्नल मेडिसिन प्रोग्रामचा डायरेक्टर आहे, त्याआधी असोसिएट डायरेक्टर होतो. थकतात, आणि मीही चांगलाच थकलो होतो.

नियम खरा आहे. रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या एसीजीएमईच्या 2019 च्या नियमांत डायरेक्टरला आठवड्याला किमान 8 तास पेशंट न बघता फक्त प्रोग्रामसाठी, तेही पगारी, मिळाले पाहिजेत असं होतं. पुढे हे प्रमाण विषय आणि रेसिडेंटची संख्या बघून ठरू लागलं. नियम चांगलाच आहे. पण त्या वेळातले पेशंट कोण बघणार, हे ज्याच्या त्याच्या हॉस्पिटलवर.

माझी बुधवारची दुपार राखीव होती. वर्षातून दोनदा प्रत्येक रेसिडेंटची प्रगती कमिटीपुढे ठेवावी लागते, त्याचे कागद घेऊन एकदा बसलो. दहा मिनिटांत क्लिनिकमधून फोन. सहकारी आजारी पडली होती, तिचे तीन पेशंट बघाल का? बघितले. परत आलो तर दारात पहिल्या वर्षाची रेसिडेंट उभी, अंगात आदल्या रात्रीचेच स्क्रब्ज. तिच्या हाताखालचा पहिला पेशंट पहाटे गेला होता. तासभर आम्ही बसलो, बराच वेळ काही न बोलता. तो तास वाया गेला असं मला आजही वाटत नाही, त्याच्यासाठीच तर हे पद घेतलं. मूल्यमापनं मात्र रात्री अकरानंतर, मुलं झोपल्यावर, जेवणाच्या टेबलावर झाली. ऑक्टोबर ते जानेवारी नव्या उमेदवारांच्या मुलाखती, मग त्यांची पसंतीक्रमाने रँक लिस्ट, मार्चमध्ये मॅच, म्हणजे कोण कुठे जाणार त्याचा निकाल, आणि मध्येच कुणी रजेवर गेलं की रेसिडेंटच्या कामाची आठवड्याला 80 तासांची मर्यादा सांभाळत रोटा पुन्हा पहिल्यापासून. असे बुधवार साठत गेले.

बर्नआउट मोजायच्या मासलॅक प्रश्नावलीत तीन गोष्टी बघतात. भावनिक थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मला दुसरीने गाठलं. फोनवर रेसिडेंटचं नाव दिसलं की आधी कपाळाला आठी पडायची. ज्या मुलांसाठी हे काम घेतलं, त्यांचाच फोन नकोसा व्हावा, याची फार लाज वाटली.

शेवटी विभागप्रमुखांकडे गेलो. तास वाढवून मागितले नाहीत, आरव्हीयूचं टार्गेट कमी करून मागितलं. आरव्हीयू म्हणजे डॉक्टरने किती क्लिनिकल काम केलं ते मोजायचं एकक. वेळ राखीव आणि टार्गेट मात्र पूर्ण, असा माझा हिशोब चालला होता. टार्गेट कमी झालं, क्लिनिकच्या वेळापत्रकात बुधवार दुपार बंदच झाली, आणि कुणी आजारी पडलं तर बदली कोण, याची यादी लागली. आता ते कागद बहुतेक वेळा बुधवारीच संपतात.

आपल्याकडे आणावा का? जरूर आणावा. पण त्यासोबत ओपीडी सांभाळायला माणूस द्यावा, रिकाम्या जागा भराव्यात. मी महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात शिकलो. आमच्या विभागप्रमुख मॅडम दोन वाजता ओपीडी उरकून यायच्या आणि डबा उघडायच्या आधी थिसिस तपासायला घ्यायच्या. बाहेर आम्ही लॉगबुकवर सही घ्यायला रांगेत. आम्हाला त्या चिडक्या वाटायच्या.