२००९ ची ३२५आय घेताना आधी वॉटर पंपाचं बिल मागा

तुमचा प्रश्न असा आहे: २००९ ची बीएमडब्ल्यू ३२५आय, पेट्रोल, ८२,००० किलोमीटर झालेली गाडी समोर आली आहे, सहा सिलिंडरचं इंजिन आपल्याकडे टिकतं का आणि सांभाळायला काय काय लागतं? मी हीच गाडी गेली सात वर्षं पुण्यात चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन दणकट आहे, गाडी नीट ठेवलेली असेल तर जरूर घ्या. फक्त ८२,००० हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. या इंजिनात किलोमीटरपेक्षा वय जास्त बोलतं. धातूचा भाग सहज दोन-तीन लाख किलोमीटर जातो. त्याभोवतीचं रबर आणि प्लास्टिक मात्र बोनेटखालच्या उष्णतेत इतकी वर्षं भाजलेलं असतं.

यात एन५२ मालिकेतलं इंजिन आहे. २४९७ सीसी, सहाही सिलिंडर एका रांगेत, ६५०० आरपीएमला २१८ पीएस ताकद आणि २७५० आरपीएमपासून २५० न्यूटन मीटर टॉर्क. टर्बो नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये नाही, तर त्याआधी इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत फवारलं जातं. ऐकायला हे जुनाट वाटेल, पण टिकाऊपणाचं अर्धं कारण इथेच आहे. जास्त दाबाचा इंधन पंप नाही, म्हणून त्याची दुखणी नाहीत. आणि इनटेक व्हॉल्व्हवर सतत पेट्रोल पडत असल्यामुळे तिथे कार्बनचे थर चढत नाहीत. टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, चेन आहे, ठरावीक किलोमीटरला बदलायचा पट्टा नाही. एका रांगेतल्या सहा सिलिंडरचे धक्के एकमेकांना काटतात, त्यामुळे थरथर मारण्यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्टही लागत नाही. गाडी सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगवर हात ठेवून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

आता ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा. वजन वाचवण्यासाठी याचा बाहेरचा भाग मॅग्नेशियमचा आणि आतला, म्हणजे सिलिंडर आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) वाटांचा भाग, ॲल्युमिनियमचा केला आहे. मॅग्नेशियमला पोलादी बोल्ट चालत नाही. दोन धातूंच्या जोडीला ओलावा मिळाला की गंज धरतो. म्हणून ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे बोल्ट असतात, डोक्यावर निळा रंग लावलेले. ते आवळताना ताणले जातात, त्यामुळे एकदा काढला की तो बोल्ट संपला. दर वेळी नवा.

हे मी स्वतः भोगलंय. वॉटर पंप, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप, काही बिघाड नसताना, काळजी म्हणून बदलायला गाडी एका गॅरेजात दिली होती. मी शेजारीच उभा होतो. मिस्त्रीने जुनेच बोल्ट पुसून परत लावले. हे बोल्ट ठरावीक जोराने आवळल्यावर आणखी ९० अंश फिरवायचे असतात; तो फिरवतोय तोच ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि बोल्टचं डोकं पान्यातच राहिलं. दांडा ब्लॉकमध्ये. त्याने लगेच डब्यातून पोलादी बोल्ट काढला, ‘साहेब, हा जास्त मजबूत आहे.’ मी थांबवलं. दांडा काढण्यात अख्खा दिवस गेला, पण ब्लॉक वाचला. तेव्हापासून मी नवे बोल्ट स्वतः विकत घेऊन जातो आणि काम सुरू होण्याआधी मिस्त्रीच्या हातात ठेवतो.

पंपावर एवढा भर देतोय, कारण तो पट्ट्यावर नाही, विजेच्या मोटरवर चालतो. साधा पंप जाण्याआधी गळतो, आवाज करतो. याची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक वेळा काही न सांगता बंद पडते. डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटा नाही. इंजिन तापल्याची पिवळी खूण आली तर वेग कमी करा, एसी बंद करा. लाल आली तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ‘घर दोन किलोमीटरवर आहे’ हा विचार सिलिंडर हेड (ब्लॉकवरचं झाकण) वाकवतो. एक लाख किलोमीटरच्या आसपास किंवा दहा वर्षांनंतर पंप आणि थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) एकत्र बदलणं हा माझ्या मते या गाडीवरचा सर्वांत शहाणा खर्च आहे. नंतर कूलंटमधली हवा काढायची पद्धतही वेगळी आहे: इंजिन बंद, इग्निशन चालू, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर अगदी कमी, आणि ॲक्सिलरेटर १० सेकंद दाबून धरायचा. मग पंप १२ मिनिटं आपोआप फिरतो. तोवर बॅटरीला चार्जर लावून ठेवा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान १०५ ते ११२ अंश दिसलं तर घाबरू नका. हलक्या चालीत संगणक मुद्दामच इंजिन एवढं गरम ठेवतो आणि जोर लावला की खाली आणतो.

बिघाडाची दुसरी जागा म्हणजे ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट, म्हणजे फिल्टरच्या घराखालचं रबरी सील. माझ्या गाडीतलं काढलं तेव्हा ते रबर राहिलंच नव्हतं, बोटांनी वाकवताच कुरडईसारखं मोडलं. इथून झिरपणारं ऑइल खाली अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर येतं. ऑइल प्यायलेला पट्टा सुटला की त्याचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमधून इंजिनाच्या आत ओढले गेल्याची उदाहरणं आहेत. छोट्या गॅस्केटमुळे इंजिनाखालचं ऑइल चेंबर उघडायची वेळ येते. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही त्याच वयाचं असतं. ते गळलं तर ऑइल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येतो.

ऑइल साडेसहा लिटर लागतं, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मान्यतेचं. पातळी मोजायची डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर बघायची. गाडी २५,००० किलोमीटरपर्यंतची मुभा देईल, पण आपल्या ट्रॅफिकमध्ये ८-१० हजार किलोमीटरला बदला. थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टिकटिक आली तर बहुधा रोजच्या छोट्या फेऱ्या कारणीभूत असतात. एकदा महामार्गावर लांब चालवून आणा, बऱ्याचदा थांबते.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. टॉर्च घेऊन फिल्टर हाउसिंगच्या खाली, अल्टरनेटरच्या बाजूला पाहा. काळा, धूळ चिकटलेला ओघळ दिसला तर गॅस्केट गेलंय. जागा ताजी धुतलेली दिसली तरी तोच संशय घ्या. १५ वर्षं उलटली असतील तर आरसीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स तपासा. आणि वॉटर पंपाचं बिल मागा. ते नसेल तर पंप, थर्मोस्टॅट, दोन्ही गॅस्केट, पट्टा आणि नवे बोल्ट यांचं कोटेशन काढून तेवढी रक्कम भावातून कमी करायला सांगा, आणि लांबच्या प्रवासाला नेण्याआधी ते काम उरकून घ्या.