भाचीला लॅपटॉप द्यायचाय, पण आधी पुसू कसा?

प्रश्न : माझा विंडोज ११ वाला लॅपटॉप भाचीला द्यायचाय. सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं, रिसायकल बिनपण रिकामी केली. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही ताई, एवढ्यावर थांबू नका. डिलीट केलं की बऱ्याचदा पुस्तकातल्यासारखी फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते, पानं तशीच राहतात, आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो, आधारची पीडीएफ सगळं परत काढता येतं.

आधी बॅकअप घ्या. त्यात माझा खास आग्रह असा की श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फायली असतील तर त्यांचे फॉन्टही पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर नव्या मशीनवर ‘मराठी’ऐवजी ‘ejkBh’सारखी इंग्रजी अक्षरं दिसतील, किंवा सरळ युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या मराठीत) कन्व्हर्ट करून ठेवा, वडिलांच्या आठवणी वगैरे असतील तर नक्कीच.

मग चार्जर लावून सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, तिथे ‘रीसेट धिस पीसी’. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ (म्हणजे जुनी माहिती नीट पुसणं) चालू करा, बहुतेक लोक हेच विसरतात. हार्डडिस्क असेल तर कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा, मध्येच बंद करू नका.

विंडोज आपोआप परत बसतं. लायसन्स सहसा मदरबोर्डशी जोडलेलं असतं त्यामुळे नवीन ‘लायसन्स की’ विकत घ्यायची गरज नाही, कोणी दुकानदार त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.