एल्कच्या शिकारीसाठी ३०० डॉलरच्या आत कोणती सॅक घ्यावी?

तुम्ही विचारले आहे की, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या आणि ट्रेकिंगची ६५ लिटरची सॅक जवळ असलेल्या माणसाने सप्टेंबरात मित्राबरोबर चार-पाच दिवस डोंगरात मुक्काम करून एल्कची (उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाची) शिकार करायची ठरवली, तर ३०० डॉलरच्या आत कोणती सॅक घ्यावी आणि मुळात नवी घेण्याची गरज आहे का. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे उत्तर कोलोरॅडोसारख्या, परवाना काढून शिकार करता येणाऱ्या राज्यांपुरतेच आहे.) मीही याच राज्यात राहतो आणि धनुष्यबाणाने शिकार करतो. माझे मत असे की, या रकमेतला मोठा वाटा फ्रेम (सॅकचे ओझे पेलणारा सांगाडा) आणि कमरेचा पट्टा यांवर खर्च करावा. पिशवी, खिसे आणि कॅमोफ्लाजचे छाप यांसाठी जास्तीचा एक डॉलरही मोजू नये.

याचे कारण वजनात आहे. ट्रेकमध्ये शिधा संपत जातो तशी सॅक हलकी होते, पण शिकार साधली तर परतीचे ओझे जातानाच्या कितीतरी पट होते. पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ७०० पौंडांचा असतो आणि हाडे काढूनही त्याचे मांस २०० पौंडांच्या, म्हणजे ९० किलोंच्या आसपास भरते. ते अर्धे टाकून येण्याची मुभा नसते, कारण चारही पायांचे आणि पाठीच्या कण्यालगतचे मांस खाण्यासाठी बाहेर काढणे कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे. दोघांनी प्रत्येकी ५० पौंड उचलले, तरी दोन-दोन फेऱ्या होतात. मागचा एक पाय हाडासकट उचलला, तर पाणी आणि रोजच्या वापराचे सामान धरून पाठीवर ७०-७५ पौंड सहज येतात. ट्रेकिंगच्या बहुतेक सॅकमधली आतली फ्रेम ४०-५० पौंडांच्या हिशोबाने बनवलेली असते. त्यापुढे ती वाकते, कमरेचा पट्टा खाली घसरतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. उतारावर हे केवळ त्रासाचे नव्हे, धोक्याचे असते.

म्हणून सॅक पाहताना पहिला प्रश्न किती लिटरची हा नसून, फ्रेम तुमच्या पाठीला पुरते का, हा असला पाहिजे. मान पुढे वाकवली की तिच्या तळाशी हाताला लागणारे उठावदार हाड आणि दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या माथ्यांना जोडणारी रेषा, यांमधले अंतर कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या. पाठीची हीच लांबी सॅकच्या मापात धरली जाते. फ्रेमचे वरचे टोक खांद्याच्या वर गेले पाहिजे, म्हणजे खांद्यांवरून फ्रेमकडे जाणारे लहान पट्टे तिरपे वर चढतात आणि ओझे मागे ओढण्याऐवजी पाठीला चिकटून राहते. हे पट्टे आडवे किंवा खाली झुकलेले दिसले, तर सॅक कितीही नावाजलेली असली तरी ती तुमच्यासाठी आखूड आहे. आपल्यातले बरेच जण कमरेने बारीक असतात, त्यामुळे आणखी एक गोष्ट तपासावी: कमरेचा पट्टा पूर्ण आवळल्यावर त्याच्या गाद्यांची टोके पोटासमोर एकमेकांना टेकत असतील, तर पुढे आवळायला जागाच उरत नाही आणि भर ओझ्यात तो सैल पडतो.

आता प्रत्यक्ष पर्याय. मिस्टरी रँच, स्टोन ग्लेशियर, एक्सो, किफारू या कंपन्यांच्या शिकारीच्या सॅक खरोखर उत्तम आहेत, पण नव्या घेतल्यास त्या तुमच्या रकमेच्या दुपटीपर्यंत किंवा त्याहून वर जातात. नव्यात तुमच्या आवाक्यात येणारी आणि मी निःशंकपणे सुचवीन अशी सॅक म्हणजे आल्प्स आउटडोअर्झची कमांडर. तिची ॲल्युमिनियमची फ्रेम बाहेरून असते, पाठीची लांबी कमी-जास्त करता येते आणि पिशवी काढून नुसत्या फ्रेमवर मांस बांधता येते. ती जड आहे, दिसायला जुनाट आहे आणि चालताना कुरकुरते. धनुष्याने शिकार करणाऱ्याला शेवटचा दोष फार खटकतो. पिशवी फ्रेमला अडकवणाऱ्या पिनांना मेण चोळले आणि नळ्या एकमेकींना घासतात तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळली की आवाज बराच कमी होतो. त्याच पिनांच्या दोन-तीन जोड्या जवळ बाळगाव्यात, कारण आडरानात पिन हरवली तर तिच्या जागी दोरी बांधण्याखेरीज उपाय नसतो.

जुना माल घ्यायची तयारी असेल, तर याच पैशांत अधिक चांगले काही मिळते. शिकारी मंडळी दर हंगामानंतर सॅक बदलतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वर लिहिलेल्या कंपन्यांच्या वापरलेल्या फ्रेम बऱ्याच उतरलेल्या किमतीला विक्रीस येतात. डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या कंपनीच्या जुन्या ॲल्युमिनियम फ्रेम तर गराज सेलमध्ये (लोक घरातले जुने सामान दारातच विकतात तिथे) किरकोळ किमतीत दिसतात. अमेरिकी लष्कराची ॲलिस नावाची जुनी फ्रेमही दणकट असते. मात्र तिचा कमरेचा पट्टा अगदीच पातळ असल्याने तो बदलून लष्कराच्याच नंतरच्या, मॉली नावाच्या सॅकचा जाड पट्टा बसवण्याची पद्धत आहे. जुनी सॅक घेताना नळ्यांच्या जोडांवर बारीक चीर आहे का, हे नखाने चाचपून पाहा, कमरेचा पट्टा फ्रेमला शिवलेला असतो तिथले टाके ताणून पाहा आणि पिशवीत हात घालून पाणी रोखणारा आतला थर चिकट झाला आहे किंवा त्याचे पापुद्रे निघत आहेत का, ते पाहा. आतला थर गेला असेल तर फार बिघडत नाही, कचऱ्याची जाड पिशवी अस्तरासारखी घातली की काम भागते. शिवण किंवा नळी गेली असेल तर मात्र सौदा सोडून द्यावा.

तुमच्या ६५ लिटरच्या सॅकबद्दल. मुक्कामासाठी तीच वापरायची, नुसती फ्रेम गाडीत ठेवायची आणि शिकार झाल्यावर ती आणायला जायचे, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत तो चालतोही. सप्टेंबरात दुपारचे ऊन कडक असते, मांस लवकर गार करून सावलीत नेणे हाच मोठा प्रश्न असतो आणि गाडीपर्यंतची पहिली फेरी रिकाम्या हाताने करणे परवडत नाही. तळ गाडीपासून मैल-दीड मैलावर असेल तरच हा विचार करा.

घेतलेली सॅक जूनच्या आत घरी यावी आणि परत करण्याची मुदत असेपर्यंत ती भरून चालून पाहावी. वीस पौंडी तांदळाच्या तीन पिशव्या जुन्या चादरीत घट्ट गुंडाळून फ्रेम आणि पिशवी यांच्या मध्ये, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर, पाठीला लगटून बांधाव्यात; मांसही याच जागी बांधायचे असते. तासभर चढ-उतारावर चालल्यावर खांदे बधिर होत असतील किंवा पट्टा दर दहा मिनिटांनी आवळावा लागत असेल, तर सॅक परत करावी. दुकानात रिकामी सॅक पाठीवर घेऊन आरशात पाहण्याला काही अर्थ नाही.

उरलेल्या पैशांतून मांसासाठी हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्या घ्या. प्लॅस्टिकमध्ये उष्णता कोंडते आणि मांस खराब होते. सॅकवर घालायला नारिंगी रंगाचे एक कापडी आवरणही घ्या. बंदुकीच्या हंगामात अंगावर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे, आणि सॅक नेमकी जाकिटाची पाठ झाकते. पाठीवर शिंगे बांधून झाडीतून चालणारा माणूस दुरून कसा दिसत असेल, हे लक्षात घेता धनुष्याच्या हंगामातही मी ते आवरण शिंगांवर बांधतो. रक्त लागलेली सॅक रात्री तंबूत किंवा तंबूलगत ठेवू नये, कारण इथे काळी अस्वले आहेत. घरी आल्यावर ती गार पाण्याने धुवावी, गरम पाण्याने डाग पक्के बसतात.