माणूस दोन पायांवर कसा चालू लागला, याचा अभ्यास करायचा असेल तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन शिकते आहे, बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पे पाहिल्यापासून तिला प्राचीन मानवाचे वेड लागले आहे आणि जीवाश्मांवरून माणसाच्या ताठ चालण्याचा शोध घेणारी संशोधक व्हायचे, असे ती म्हणते. नातेवाईक मात्र डी. फार्मचा आग्रह धरतात आणि या विषयावर पोट भरेल का, ही आपली काळजी आहे.

कातळशिल्पे खोदणारी माणसे शरीराने आपल्यासारखीच होती. तो पुरातत्त्वाचा विषय झाला. मुलीचा प्रश्न लाखो वर्षे मागचा आहे आणि त्याचे पुरावे कोकणात मिळण्याची आशा जवळजवळ नाही, कारण जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाड टिकत नाही. इथिओपियातील हाडार येथे १९७४ मध्ये सापडलेली सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘ल्युसी’ (माणसाच्या प्राचीन नातलग मादीचा अर्धवट सांगाडा), किंवा टांझानियातील लाएटोलीच्या ज्वालामुखी राखेत उमटलेली त्याहूनही जुनी पावले, हे या विषयाचे मुख्य धन आफ्रिकेत आहे. भारतातून काम करणाऱ्याला बहुतेक वेळ जीवाश्मांचे साचे, सीटी स्कॅन आणि मोजमापे यांच्याबरोबर घालवावा लागतो, हे तिला आताच कळलेले बरे.

हे काम किती बारकाईचे असते, याचे एक उदाहरण देतो. माणसाचे मांडीचे हाड खुब्यापासून गुडघ्याकडे येताना आत झुकते, त्यामुळे एका पायावर भार आला तरी शरीराचा तोल सुटत नाही; चिंपांझीचे हाड जवळजवळ सरळ असते. हा कोन बाळ जन्मते तेव्हा नसतो, ते चालू लागले की हळूहळू तयार होतो. म्हणूनच जुन्या हाडाचा गुडघ्याकडचा तुकडा हाती आला, तरी तो प्राणी आयुष्यभर कसा चालला असेल, हे अभ्यासकाला बऱ्याच खात्रीने सांगता येते. आपल्या मुलीला हे वाचून आणखी वाचावेसे वाटले, तर मी तिची आवड खरी मानेन.

यासाठी पाया शरीररचनाशास्त्राचा किंवा भूशास्त्राचा हवा. केवळ इतिहासाच्या ओढीवर इथे निभाव लागत नाही. दिल्ली विद्यापीठात आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात बारावीनंतर थेट मानवशास्त्राची पदवी घेता येते. दिल्लीचा प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, तेव्हा त्या अर्जाची मुदत चुकवू नये. इतक्या लांब पाठवणे जमत नसेल, तर महाराष्ट्रातच प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्रात बी. एस्सी. करून पुढे पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाकडे वळता येईल. पुण्याचे डेक्कन कॉलेजही चांगले आहे, पण तिथला मुख्य विषय पुरातत्त्व आहे, हे लक्षात ठेवून जावे.

माझे मत विचाराल, तर घरची ओढाताण असलेल्या मुलीने भूशास्त्र घ्यावे. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोऱ्याला १९८२ मध्ये प्राचीन मानवाची कवटी सापडली, ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना, आणि एम. एस्सी.नंतर याच सर्वेक्षणात जाण्यासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा असते, म्हणजे संशोधन रखडले तरी नोकरीचा रस्ता उघडा राहतो. मानवशास्त्राच्या बाजूने भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, विद्यापीठे आणि न्यायवैद्यक क्षेत्र आहे, पण जागा थोड्या आणि भरती अनियमित.

पैशांचे सांगायचे तर, नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची छात्रवृत्ती, मिळाल्यास सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पीएच.डी. पालकांच्या खिशावर पडत नाही. ती न मिळाल्यास मात्र वयाच्या तिशीपर्यंत घराने सांभाळून घ्यावे लागेल. त्याची तयारी आहे का, हे आपण दोघे पालकांनी मुलीसमोर बसून बोलावे. डी. फार्मचा अर्ज केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी भरू नये. तिला औषधशास्त्राची ओढ असती, तर गोष्ट वेगळी होती.

परीक्षा संपली की तिला पुळणीवर ओल्या वाळूत चालायला सांगा. टाच किती खोल रुतते, अंगठा इतर बोटांच्या रांगेत कसा उमटतो आणि दोन पावलांत अंतर किती पडते, हे मोजून तिने वहीत लिहावे. चालण्याचा वेग वाढवून पुन्हा मोजावे. लाएटोलीच्या पावलांचा अभ्यास याच प्रश्नांनी पुढे गेला. त्या नोंदी आणि बारावीचे गुण मला पाठवा, म्हणजे कोणत्या विषयात पदवी घ्यावी, हे नेमके सांगता येईल.