वाचकांचे प्रश्न : एका घरात मावणारं गाव

मागच्या अंकात ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर, अमेझॉनच्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी लोकांच्या गावाबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. दोघातिघांनी "प्रवास कसा झाला" असं विचारलंय म्हणून आधीच सांगते, मी तिथे गेलेली नाही, जे लिहिते ते वाचून आणि माहितीपट बघून.

प्रश्न : ताई, सगळं गाव एकाच घरात राहतं असं तुम्ही लिहिलंय, मग त्यांची भांडणं होत नाहीत का? आणि स्वयंपाक एकत्र असतो का? (नववीतली एक वाचक)

होतात की गं, माणसंच आहेत. त्या घराला शाबोनो म्हणतात, गोल असतं, मधे उघडं अंगण आणि कडेने पानांनी शाकारलेलं उतरतं छप्पर, त्याखाली प्रत्येक कुटुंबाची आपापली चूल आणि चुलीभोवती टांगलेले झोपायचे हॅमॉक. कुटुंबाकुटुंबात भिंती नाहीत, त्यामुळे कोण कोणावर रुसलंय हे लपत नाही. फारच वाजलं तर काही कुटुंबं उठतात आणि लांब जाऊन दुसरं घर बांधतात. तसंही पानांचं छप्पर काही वर्षांत कुजतं, किडे होतात, शेताच्या जमिनीचा कस दोन-तीन वर्षांत उतरतो, म्हणजे हलायचं तर असतंच.

चुली वेगळ्या पण मटण वाटून. आणि यात एक गंमत आहे, शिकारी स्वतः मारलेलं जनावर स्वतः खात नाही, दुसऱ्यांना देतो, त्याच्या ताटात येतं ते दुसऱ्या कुणीतरी मारलेलं. तू विचार कर, जो उत्तम शिकारी आहे तोसुद्धा जेवायला दुसऱ्यावरच अवलंबून, मग भांडून किती दिवस बसणार? रोजचं पोट मात्र शिकारीवर नाही तर शेतातल्या केळ्यांवर आणि कसावावर भरतं. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच, पण त्याच्या कडू जातीत सायनाइड तयार होतं, म्हणून किसून, पिळून विषारी पाणी काढून टाकायचं आणि मग तव्यावर भाकरीसारखं भाजायचं.

प्रश्न : लेखात एकाही गावकऱ्याचं नाव नाही. नावं नसतील तर लेख खरा कसा मानायचा?

रागावू नका, पण नाव न देणं हेच तिथे सभ्यपणाचं आहे. यानोमामींमध्ये एखाद्याला तोंडावर नावाने हाक मारणं हा अपमान समजतात, अमक्याचा बाप, तमकीचा भाऊ अशा नात्यानेच बोलवतात (आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत ते आठवा, फक्त इथे सगळ्यांनाच लागू). आणि माणूस गेला की त्याचं नाव उच्चारायचंच नाही. दहन करतात, हाडांची पूड जपून ठेवतात, मग आजूबाजूच्या गावांना बोलावून मोठा विधी होतो त्यात ती पूड केळ्याच्या पेजेत मिसळून पिऊन संपवतात. गेलेल्याच्या वस्तूसुद्धा नष्ट करतात, मागे काही उरता कामा नये.

आता हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन संशोधकांनी तिथे हजारो लोकांचं रक्त घेतलं आणि ते अमेरिकेतल्या लॅबच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलं. ज्यांचं घेतलं त्यातले कितीतरी मेले पण रक्त शिल्लक! नातेवाइकांच्या दृष्टीने हे किती भयंकर असेल. त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये अडीच हजारांहून जास्त नमुने परत आणून विधिवत जमिनीत पुरले. माझ्या मते लेख खरा की खोटा यापेक्षा हा प्रश्न जास्त मोठा आहे की बाहेरचा माणूस तिथून काय उचलून नेतो, मग ते रक्त असो नाहीतर नाव.

एक नाव मात्र जगजाहीर आहे आणि ते सांगायला हरकत नाही, दावी कोपेनावा, त्यांचे शामान (म्हणजे आत्म्यांशी बोलणारे वैदू) आणि पुढारी. दावी हे मिशनऱ्यांनी दिलेलं आणि कोपेनावा त्यांनी स्वतः घेतलेलं, गांधीलमाशीच्या आत्म्यावरून.

प्रश्न : जंगलात मासे, शिकार, केळी सगळं आहे म्हणता, मग २०२३ मध्ये हाडं दिसणाऱ्या यानोमामी मुलांचे फोटो आले होते ते काय? दोन्हीतलं एक खोटं असणार.

दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीच्या मधे सोनं आहे.

बेकायदा सोनं काढणाऱ्यांना तिथे गारिंपेरो म्हणतात. १९८० च्या दशकात ते जवळपास ४० हजार घुसले, सोबत मलेरिया, फ्लू, बंदुका, आणि सातेक वर्षांत ब्राझीलमधल्या यानोमामींपैकी साधारण २० टक्के लोक गेले. दावी आणि बाकीच्यांनी जगभर आवाज उठवला तेव्हा कुठे १९९२ मध्ये सुमारे ९६ लाख हेक्टर जमीन त्यांच्यासाठी राखून मिळाली, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि लोक किती तर २०२२ च्या जनगणनेत तिथे साधारण २७ हजार. कागदावर जमीन मिळाली तरी पुढच्याच वर्षी, १९९३ ला हाशिमू गावात गारिंपेरोंनी १६ जणांना मारलं, बायकामुलं धरून. ब्राझीलच्या कोर्टाने त्याला वंशसंहार ठरवलं.

२०२३ च्या आधीच्या काही वर्षांत परत हजारो घुसले. आता उपासमार कशी होते बघा. जोरदार पाण्याच्या पाइपने नदीकाठ फोडतात, गाळ पाण्यात जातो, सोनं पकडायला पारा वापरतात तो नदीत उतरतो आणि मग माशात साठतो, म्हणजे मासा गेला. पंप आणि विमानांच्या आवाजाने जनावरं लांब पळतात, म्हणजे शिकार गेली. खड्ड्यांत पाणी साचतं, डास, मलेरिया. आणि घरातली मोठी माणसं सगळी एकदम तापाने हॅमॉकमध्ये पडली तर शेत लावणार कोण? आज लावलं नाही ते पुढे खायला मिळत नाही, ताप उतरून गेला तरी भूक राहतेच, आणि ती आधी मुलांना गाठते. औषध आणावं तर काही ठिकाणी विमान उतरायची पट्टीच गारिंपेरोंनी बळकावली होती, नर्स पोचणार कशी. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारने आरोग्य आणीबाणी जाहीर केली तेव्हा आधीच्या चार वर्षांत टाळता आली असती अशा कारणांनी पाच वर्षांखालची ५७० मुलं गेल्याचा आकडा बाहेर आला. तेव्हा "जंगलात राहतात म्हणून उपाशी" हे वाक्य मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : मग त्यांना शहरात आणून पक्की घरं का देत नाहीत?

कुणी मागितली आहेत का? त्यांनी मागितलंय ते म्हणजे गारिंपेरोंना बाहेर काढा आणि दवाखाना चालू ठेवा. लस, मलेरियाची औषधं, निरोप द्यायला रेडिओ, हे सगळं ते वापरतात, त्यांची स्वतःची हुतुकारा नावाची संघटना २००४ पासून आहे, म्हणजे "बाहेरचं काहीच नको" असंही नाही. शहराचा अनुभव तर आहेच, गंभीर पेशंटला छोट्या विमानाने बोआ व्हिस्ताला नेतात, तिथल्या गर्दीच्या आरोग्यगृहात लोक परतीच्या विमानाची वाट बघत कधी महिनोन् महिने अडकतात.

प्रश्न : आम्ही चार मित्र ट्रेकिंग करतो. तिथे जाता येईल का?

गावात असंच नाही, ब्राझीलच्या फुनाई या सरकारी खात्याची परवानगी लागते. पण ब्राझीलमधलं सगळ्यात उंच शिखर, पिको दा नेब्लिना, २,९९५ मीटर, त्यांच्याच जमिनीत आहे, ते त्याला यारिपो म्हणतात आणि २०२२ पासून तिथला ट्रेक यानोमामी स्वतःच चालवतात. कित्येक दिवस चिखल आणि पाऊस, तयारी करून जा. लसी घ्या, आणि सर्दी असेल तर ट्रेक पुढे ढकला, १९६० च्या दशकात एका गोवराच्या साथीने तिथे गावंच्या गावं आडवी झाली होती. आणि वाटाड्याला त्याचं नाव विचारत बसू नका, तो स्वतःहून सांगेल त्याच नावाने हाक मारा.